दूरदृष्टीचा दाखला

खरडेवाडीच्या सरकारी दवाखान्यात क्षयाचे त्रेचाळीस रोगी नोंदलेले होते आणि त्यांतले एकतीस औषध अर्धवट सोडून गेले होते. औषध दीड वर्षाचं. आधी सुया, मग महिन्याच्या महिन्याला गोळ्या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खोकला बसतो, अंगात चार कामं करण्याइतकी ताकद येते आणि रोगी दवाखान्याकडं फिरकेनासा होतो. पुन्हा येतो तो रक्त ओकतच. ही बाब चिंताजनक होती. म्हणून बाहत्तरच्या ऑक्टोबरात वरून कागद आला की, असं का घडतं याचा खुलासा आठ दिवसांत सादर करावा.

हा खुलासा लालासाहेब भोइट्यांच्या गळ्यात पडला. लालासाहेब म्हणजे उपचार पर्यवेक्षक. मूळचे साताऱ्याचे, अर्थशास्त्र घेऊन बी.ए., दुसरा वर्ग. नोकरीपुरते सांगलीत एका खोलीत राहायचे, आठवड्यातून तीनदा एस.टी.नं आटपाडीच्या बाजूला खरडेवाडीला जायचे, आणि शनिवारी दुपारनंतर कुणाला हवे असले तर साताऱ्याला जाऊन शोधावे लागायचे. माणूस वाईट नव्हता. ते स्वतःबद्दल तसं अधूनमधून म्हणतही असत.

रोगी औषध का सोडतात हे लालासाहेबांना पक्कं ठाऊक होतं. आटपाडीकडं पाऊस येऊन जमाना झाला होता. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. कामाची हजेरी सकाळी सातला, आणि दवाखाना उघडणार दहाला. गोळ्यांची पेटी अकराच्या गाडीनं यायची आणि तीनातल्या दोन वेळा तीत गोळ्याच नसायच्या. एक दिवस खाडा केला की मजुरी गेली, वर मुकादम त्या जागी दुसरा माणूस उभा करायचा. आता हे खुलाशात लिहायचं, तर पेटी रिकामी पाठवणाऱ्याचं नाव निघणार. पेटी पाठवणारे साहेब आणि खुलासा मागवणारे साहेब एकच, आणि लालासाहेबांचा गोपनीय अहवाल लिहिणारेही तेच. लालासाहेबांनी दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी एकच वाक्य लिहिलं: ‘रुग्णांमध्ये दूरदृष्टीचा अभाव दिसून येतो.’

वाक्य लिहून झाल्यावर त्यांना हलकं हलकं वाटलं. कुणाचं नाव नाही, कुणाला दुखवणं नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना वाचता येत नाही. असं निरुपद्रवी वाक्य सरकारी कागदावर क्वचित उतरतं.

ते वाक्य सांगलीहून पुण्याला गेलं, पुण्याहून मुंबईला गेलं. ज्या टेबलावर थांबलं त्या टेबलावर त्याला एकेक शेपूट फुटलं. कुणी टिपण जोडलं, कुणी उपसमिती नेमली, कुणी परदेशातला एक प्रयोग वाचून आला होता तो त्यानं चिकटवला. फेब्रुवारीत ते वाक्य चौदा पानांचं होऊन खरडेवाडीला परत आलं. त्याचं नाव होतं, ‘दीर्घोपचार पात्रता योजना’. लालासाहेबांनी पहिलं पान वाचलं, त्यात आपलंच वाक्य अवतरणात बघितलं, आणि बी.ए. झाल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला विद्वान मानलं म्हणून त्यांचा ऊर भरून आला. मग त्यांनी उरलेली तेरा पानं वाचली.

योजना साधी होती. ज्याला उद्याची पर्वा नाही त्याला दीड वर्षाचं औषध देणं म्हणजे औषधाची नासाडी. तेव्हा आधी रोग्याची दूरदृष्टी तपासायची. त्याला विचारायचं, आज अर्धा किलो गूळ घेता, की महिन्यानं एक किलो घेता? महिन्यानं म्हणणाऱ्याला दूरदृष्टीचा दाखला द्यायचा आणि त्याच्या गोळ्या चालू ठेवायच्या. आज म्हणणाऱ्याला गूळ द्यायचा, ‘अदूरदर्शी’ असा शेरा मारायचा आणि गोळ्यांऐवजी खोकल्याचं लाल औषध द्यायचं. ते गोड असतं आणि लगेच बरं वाटतं, म्हणजे अशा लोकांच्या स्वभावाला धरूनच झालं.

सांगलीच्या बाजारातून गूळ आला. दवाखान्याच्या ओट्यावर तराजू मांडला. वजन करायला शिपाई केरबा. गुळाच्या वासानं एकतीस पळालेले रोगीही परत आले आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ओळीनं उकिडवे बसले. इतके रोगी एकाच दिवशी दवाखान्यात बघायची लालासाहेबांची ही पहिलीच वेळ. मुंग्याही आल्या होत्या.

“सायेब,” केरबा तराजू सारखा करत म्हणाला, “आपुन रोगी तपासतोय का गूळ?”

लालासाहेबांनी त्याला गप्प बसायची खूण केली आणि पहिलं नाव पुकारलं.

पहिले आले मानसिंगराव. तीन विहिरी, कृष्णाकाठी ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. छातीच्या फोटोत जराशी सावली निघाली होती, तिच्यावर मिरजेच्या बड्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. इथं नाव नोंदलं होतं ते फुकट आहे ते सोडायचं कशाला म्हणून. त्यांनी गुळाकडं बघितलं, नाक मुरडलं, आणि महिन्यानं द्या, नाही दिला तरी आपली काही तक्रार नाही, म्हणून सांगितलं. लालासाहेबांनी शेरा लिहिला: ‘दूरदृष्टी उत्तम.’

दुसरे पेन्शनर हवालदार आप्पासो. त्यांच्या पेन्शनीतल्या एका चुकीच्या दुरुस्तीचा कागद सात वर्षं पुण्यात अडकला होता आणि वाट बघणं ही त्यांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट होती. त्यांनी टाचा जुळवून महिन्यानं म्हणून सांगितलं आणि उलट फिरून निघून गेले. हीही उत्तम.

मग गुंडा आला. कुपवाडला भट्टीच्या कारखान्यात सहा वर्षं ओतकाम करून, छाती घेऊन परत आलेला पोरगेलासा माणूस. भावानं धरून आणला होता. प्रश्न ऐकून तो बराच वेळ गुळाच्या पोत्याकडं बघत राहिला. आज घेतला तर घरापर्यंत उचलणार नाही, महिन्यानं अंगात ताकद आली तर नेईन, असं म्हणाला. योजनेच्या सातव्या पानावर ‘भावी प्रकृतीविषयी आशावाद’ असा एक जादा गुण होता, तो लालासाहेबांनी त्याला दिला. गुंडा त्रेचाळिसांत पहिला आला.

शालूबाईचा नंबर सतरावा. ही बाई लालासाहेबांचा अभिमान होती. नवरा नाही, चार वर्षांची पोर, आणि रोज खडी फोडायला जाणारी. पण गोळ्या चालू झाल्यापासून पाच महिन्यांत तिचा एक खाडा नव्हता. दवाखाना दहाला उघडतो म्हणून ती पहाटे केरबाच्या दारात जायची, तो तिच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवलेली गोळ्यांची पुडी खिडकीतून द्यायचा, आणि सातच्या हजेरीला ती कामावर हजर. लालासाहेब सांगलीच्या बैठकीत तिचं उदाहरण सांगायचे, आणि सांगताना ती पहाटेची व्यवस्था आपणच केल्यासारखं सांगायचे. तिला बघून त्यांना धीर आला.

“शालूबाई, नीट विचार कर,” ते म्हणाले. “महिन्यानं दुप्पट मिळतो.”

“म्हैन्यानं तुमी हितं असशीला?”

“मी नसलो तरी सरकार आहे.”

“सरकार असंल वो,” शालूबाई म्हणाली. “पर पोरगी दोन दिस कामावरच्या नुसत्या सुकडीवर हाय, आन् ती बी काल सपली. आजच द्या.”

केरबानं अर्धा किलो तोलला, वर एक खडा जास्तीचा टाकला. तिनं तो पदरात बांधला. लालासाहेबांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं. केरबा न विचारता बोलला, की आवं सायेब, ह्या बाईनं पाच म्हैन्यात एक गोळी चुकवली न्हाई, हिला दूरदृष्टी न्हाई म्हनायचं तर मग हाय कुणाला? लालासाहेबांनी योजनेचं नववं पान काढलं. तिथं स्पष्ट होतं: ‘रुग्णाने प्रत्यक्षात औषध नियमित घेतले असल्यास तो दूरदृष्टीचा पुरावा समजू नये, कारण पत्रकात तसा रकाना नाही.’ त्यांनी ‘अदूरदर्शी’ लिहिलं. मागाहून हिचं प्रकरण वेगळं करून वर पाठवू, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि अठरावं नाव पुकारलं.

दिवसाअखेर एकोणतीस जणांनी आजचा गूळ घेतला, चौदा जण उद्याचे झाले.

आठ दिवसांनी पुण्याहून एक तज्ज्ञ आले. त्यांनी लालासाहेबांनी केलेला तक्ता मागवला. बागायतदारांत दूरदृष्टी शंभर टक्के, जिरायतीवाल्यांत चौथा हिस्सा, बिनजमिनीच्या लोकांत एक गुंडा सोडला तर शून्य. तज्ज्ञ तक्त्याकडं बघत असे काही खुलले, की त्यांनी चहा गार होऊ दिला. त्यांचा निष्कर्ष असा निघाला, की ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या आजचा गूळ आजच खात आली, म्हणूनच त्यांच्याकडं जमीन राहिली नाही. त्यांनी तर पावसाच्या बाबतीतही काही संबंध लागतो का ते बघायला सांगितलं.

लालासाहेबांच्या जिभेवर उत्तर आलं होतं. ज्याच्या घरात आज चूल पेटलेली आहे त्यालाच उद्याचा विचार परवडतो, हे सांगायला बी.ए.ची गरज नव्हती, आणि ते तर बी.ए. होते. पण तज्ज्ञ बढतीच्या समितीवर आहेत असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी उत्तर चहाबरोबर गिळलं आणि म्हणाले, साहेब, आपण अगदी मुळाला हात घातलात.

मार्च संपत आला. उद्याच्या चौदांचा उद्या उगवला, पण गूळ उगवला नाही. लालासाहेबांनी विचारणा केली. उत्तर आलं, की एक किलोच्या गुळाची तरतूद पुढील आर्थिक वर्षात आहे, तिला मंजुरी मिळेपर्यंत लाभार्थ्यांनी थांबावं, त्यानं त्यांच्या दूरदृष्टीत वाढच होईल. खाली शाईनं लिहिलेली एक ओळ होती. गुळाची चौकशी करणाऱ्यांची नावं ‘अधीर’ या सदराखाली कळवावीत आणि त्यांचे दाखले परत घ्यावेत.

अकरा जणांनी चौकशी केली. त्यातल्या एकानं तर दवाखान्याच्या दारात उभं राहून सरकारचा उद्धार केला. अकराही जणांच्या गोळ्या बंद झाल्या. मानसिंगरावांनी चौकशी केली नाही, कारण ते गूळ प्रकरण विसरून गेले होते. गोळ्या मात्र गडी येऊन न चुकता न्यायचा, त्या देवळीत साठत होत्या. आप्पासो येऊन सलाम ठोकून गुळाचं अवाक्षर न काढता परत गेले. आणि गुंडानंही चौकशी केली नव्हती.

“सायेब, गुंडा तर शिमग्याआदीच गेला,” केरबानं आठवण करून दिली.

लालासाहेबांना वाईट वाटलं. खरोखर वाटलं. पण पत्रकात ‘मयत’ असा रकाना नव्हता, कारण दूरदृष्टी असलेला रोगी बरा होतो हे योजनेत गृहीतच धरलेलं होतं. दोनच रकाने होते, ‘अधीर’ आणि ‘संयमी’. गुंडाला अधीर कसा म्हणणार? त्यानं एकदाही गूळ मागितला नव्हता. एप्रिलात मागितला नाही, मे महिन्यात मागितला नाही. वरून त्याच्या संयमाची विशेष नोंद घेतल्याचं पत्र आलं आणि त्याच्या नावच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला न चुकता येऊ लागल्या. त्रेचाळीस रोगी होते तेव्हा पेटी रिकामी यायची, आता तिघंच उरल्यावर भरून यायला लागली.

अशा रीतीनं खरडेवाडीत उपचार मधेच सोडण्याचं प्रमाण शून्यावर आलं. तिघं रोगी, तिघांचेही उपचार अखंड, त्यातला एक मेलेला, एक मिरजेचं औषध घेणारा. शंभर टक्के यश. राज्यात असं केंद्र दुसरं नव्हतं. जूनच्या एका शुक्रवारी मोठे साहेब स्वतः पाहणीला येणार असं ठरलं.

त्या शुक्रवारी पावणेअकराला लालासाहेब कपाट उघडून गोळ्यांचे डबे नोंदवहीशी ताडून बघत होते. गुंडाचे डबे ओळीनं लावून झाले आणि दारात सावली आली. शालूबाई होती. लालासाहेबांनी तिला आधी ओळखलंच नाही. लाल औषधाची रिकामी बाटली तिच्या हातात होती आणि ती दाराची चौकट धरून श्वास घेत होती. गोळ्या बंद झाल्याला चार महिने होत आले होते. खोकला परत आला होता आणि आता रात्री ताप यायचा.

तिनं गोळ्या मागितल्या. लालासाहेबांनी शेरा, पत्रक, नववं पान, सगळं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“आवं सायेब, पोरगी त्या दिशी पोटभर जेवली. येवढाच माजा गुन्हा न्हवं?” ती म्हणाली. “मी गेले तर तिला कोन हाय? मग गोळ्या तुमी माज्या तोडल्या का तिच्या?”

लालासाहेबांना शरम वाटली. त्यांच्या हातात त्या क्षणी गुंडाचा डबा होता. तो तिच्या पदरात टाकायला वीतभर हात पुढं करायला लागत होता, बस्स. गुंडा काही तक्रार करायला येणार नव्हता. पण मोठे साहेब अकराला येणार, नोंदवही आणि डबे मोजणार, एक डबा कमी भरला की शंभर टक्क्याचं काय होणार? आणि बढतीचा हुकूम म्हणे साहेबांच्या बॅगेतच होता. रस्त्यावर जीपचा धुरळा दिसायला लागला.

“सोमवारी ये,” ते हळूच म्हणाले. “सोमवारी मी स्वतः तुझ्या हातात देतो. शब्द देतो.”

शालूबाईनं डब्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि बरं म्हणून गेली. केरबानं तिला मागच्या दारानं नेलं, कारण पुढच्या दारातून हार आला होता.

मोठ्या साहेबांनी डबे मोजले, बरोबर भरले. लालासाहेबांनी दूरदृष्टी या विषयावर अर्धा तास भाषण केलं. आजच्या क्षुद्र लाभासाठी उद्याचं मोठं हित घालवू नये, असं त्यांनी तीन वेळा तीन प्रकारे सांगितलं. टाळ्या पडल्या. हुकूम हातात आला: बढतीवर सातारा, तत्काळ रुजू व्हावे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर लालासाहेबांनी केरबादेखत गुंडाचे चारही डबे आपल्या पिशवीत घातले. हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. सरकारी माल असा उचलणं हा गुन्हा होता आणि तो त्यांनी केला. उद्या शनिवार, उद्याच जाऊन शालूबाईच्या घरी नेऊन द्यायचे, सोमवारचीसुद्धा वाट बघायची नाही, असं त्यांनी ठरवलं आणि त्या रात्री त्यांना फार चांगली झोप लागली.

शनिवारी सकाळी ते सांगलीच्या स्टँडवर आले. आटपाडीची गाडी लागली होती आणि तिच्याच पलीकडं साताऱ्याची. आटपाडीच्या गाडीत उभं राहायला जागा नव्हती. साताऱ्याच्या गाडीत खिडकीजवळची जागा रिकामी दिसत होती. घरी अजून बढतीची बातमी नव्हती. लालासाहेबांनी हिशेब मांडला: आज घरी जावं, पेढे वाटावेत, सोमवारी पहाटे निघून परस्पर खरडेवाडी गाठावी. दोन दिवसांनी काय होतंय? सोमवारी मात्र नव्या कचेरीत रुजू व्हावं लागलं. पुढच्या सोमवारी बैठक निघाली. त्याच्या पुढच्या सोमवारी मंडळींच्या माहेरचे लोक आले.

टपालानं पाठवायचं तर पाठवणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. त्यांनी केरबाला नुसतं खुशालीचं कार्ड टाकलं. केरबाचं उत्तर आलं. शालूबाई हाय, त्यानं लिहिलं होतं. घन झेपत न्हाई, म्हणून मुकादमानं पाटी उचलायला लावलीया. दर सोमवारी दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसती. डबं कवा धाडताय? लालासाहेबांनी ते कार्ड नीट घडी घालून डब्यांच्या शेजारी कपाटात ठेवलं.

साताऱ्यात हल्ली ते प्रकृतीला जपतात. पहाटे किल्ल्याच्या वाटेवर फिरायला जातात. बरोबर एक वकील, एक प्राध्यापक, एक पेढीवाला आणि ही गोष्ट सांगणारा असे चौघं असतात. सगळ्यांनी साखर कमी केली आहे, कारण पुढं वीस वर्षं जगायचं आहे. वाटेत दगडावर टेकलो की लालासाहेब ही हकिगत सांगतात, आणि फार छान सांगतात. स्वतःला बिलकूल सोडत नाहीत. अहो, त्रेचाळिसात पहिला नंबर गुंडाचा आणि अदूरदर्शीत पहिला नंबर माझा, असं म्हणतात तेव्हा सगळे हसतात. शालूबाईपाशी आले की त्यांचा आवाज बसतो. पेढीवाल्याच्या डोळ्यांत पाणी येतं, वकील सरकारला शिव्या घालतात, प्राध्यापक म्हणतात की हे कुणीतरी लिहून काढलं पाहिजे. म्हणून मी लिहून काढलं.

डबे अजून कपाटात आहेत. आजवर ही गोष्ट निदान पन्नास जणांनी ऐकली असेल, आणि एकानंही ‘आणा ते डबे इकडं, मी आज नेऊन देतो’ असं म्हटलेलं नाही. मीही म्हटलं नाही. तुम्हीही इथपर्यंत वाचत आलात, मधे कुठं उठला नाहीत. असू द्या, बसा. शालूबाई सोमवारचे सोमवार येतेच आहे, आणि डब्यांवरची मुदत पुढल्या मार्चपर्यंतची आहे.